दक्खनचे नासासंधान

नाकाचा बाक काढण्यासाठी, बसके नाक उभे करण्यासाठी किंवा अपघातात मोडलेल्या नाकाला पूर्वरूप देण्यासाठी जो रुग्ण आज छत्रपती संभाजीनगरातील एखाद्या शल्यविशारदाच्या दवाखान्याची पायरी चढतो, त्याच्या मनात इतर सगळ्या शंकांच्या आधी एक शंका असते, ती ही की, माझ्या नाकात बाहेरचे काही घालणार की माझेच काही काढून लावणार. अनुभवी वैद्य बहुधा सांगतो की, शक्य तोवर तुमचेच. दोन नाकपुड्यांमधल्या पडद्यातून कूर्चेची, म्हणजे बोलीत ज्याला आपण मऊ हाड म्हणतो त्याची, एक पट्टी निघते; ती अपुरी पडली तर कानाच्या वाटीतून काढता येते; तेवढ्यानेही भागत नसेल तर फासळीचे पुढचे मऊ टोक हाताशी असते, आणि कानशिलाच्या स्नायूला वेढणारे पातळ आवरण काढून त्याने वरचे खाचखळगे झाकता येतात. सिलिकोनचा तयार तुकडा बसविणे वैद्याला सोपे आणि रुग्णाला कमी वेदनेचे, हे खरे आहे. परंतु नाकावरची कातडी पातळ, तिच्यावरचा ताण सततचा, आणि परका पदार्थ वर्षे लोटल्यावरही सरकू शकतो, पिकू शकतो, कातडी फोडून बाहेर येऊ शकतो. स्वदेहातून घेतलेला तुकडा नव्या जागी मुरतो आणि देहाचाच होऊन राहतो.

ज्याचे नाक त्याच्याच देहातून घडवावे, हे तत्त्व आधुनिक शल्यशास्त्राने ज्या वाटेने स्वीकारले, त्या वाटेवरचा निर्णायक मुक्काम आपल्या दक्खनमध्ये पडला होता. आणि त्या मुक्कामाशी या शहराचा, देवगिरीचा आणि वेरूळचा जो संबंध आहे, तो येथल्या रहिवाशांना ठाऊक असावयास हवा तितका ठाऊक नाही.

या विद्येचा आद्य लेख सुश्रुतसंहितेत, सूत्रस्थानाच्या सोळाव्या अध्यायात आहे. तो अध्याय मुळात कान टोचण्याचा आणि फाटलेल्या कर्णपाळी सांधण्याचा. पाळी सांधण्याचे पंधरा प्रकार सांगून झाल्यावर आचार्य नाकाकडे वळतो आणि मोजक्या श्लोकांत सगळा विधी उरकतो. तुटलेल्या नाकाच्या मापाचे झाडाचे पान घ्यावे, त्या पानाबरहुकूम गालाच्या बाजूची कातडी सोलावी, पण ती सर्वस्वी तोडू नये, एका बाजूने देहाला जोडलेलीच ठेवावी. नाकाचा उरलेला भाग खरवडून रक्तस्रावी करावा आणि सोललेली कातडी त्वरेने त्यावर बसवून नीट बांधावी. आत दोन नळ्या घालून नाक उंच ठेवावे, वर पतंग, ज्येष्ठमध आणि अंजन यांचे चूर्ण भुरभुरावे, पांढऱ्या कापसाने झाकावे आणि तो कापूस तिळाच्या तेलाने वारंवार शिंपावा. व्रण सांधला म्हणजे कातडीचा जोडलेला देठ तोडावा. नाक आखूड राहिले तर वाढवावे, मांस फाजील वाढले तर ते समतल करावे. या शेवटच्या सूचनेपाशी वाचकाने क्षणभर थांबावे असे मला वाटते. नाक जिवंत राहिले, श्वास चालू झाला, एवढ्यावर हा वैद्य समाधान मानीत नाही. ते नाक दिसायला नाकासारखे दिसले पाहिजे, हा त्याचा आग्रह आहे. ज्याला आज सौंदर्यशल्य म्हणतात त्याची पहिली आकांक्षा या एका सूचनेत उभी आहे.

हा विधी पुढे वाग्भटाच्या अष्टांगहृदयातही आला, आणि अष्टांगहृदय हा दक्खनच्या वैद्यांचा नित्यपाठाचा ग्रंथ होता. या शहरापासून घटकाभराच्या वाटेवर असलेल्या देवगिरीच्या गडाखाली, महादेवराव आणि रामदेवराव या यादव राजांचा श्रीकरणाधिप हेमाद्रि याने तेराव्या शतकात त्याच ग्रंथावर ‘आयुर्वेदरसायन’ नावाची टीका लिहिली. राज्याचे सगळे दफ्तर ज्याच्या हाताखाली, तो मंत्री वैद्यकाच्या ग्रंथावर टीका लिहावयास बसतो, यावरून त्या दरबारात वैद्यविद्येची प्रतिष्ठा केवढी होती याची कल्पना करावी. परंतु ग्रंथाला प्रतिष्ठा लाभणे आणि ग्रंथात सांगितलेले कर्म हाताने करणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. रक्तपू आणि कापाकापी यांचा विटाळ मानणाऱ्या समाजात पंडित वैद्यांनी शस्त्र हळूहळू खाली ठेवले, औषधी आणि नाडी यांवर आपला अधिकार राखला, आणि शस्त्र जे हातांत गेले ते हात पोथी वाचणारे नव्हते. विद्या मेली नाही. तिने घर बदलले.

ती जिवंत राहिली याचे कारण मात्र दुःखद आहे. नाक कापणे ही आपल्याकडची अतिप्राचीन शिक्षा. पंचवटीच्या परिसरात शूर्पणखेची कथा आजही सांगतात, आणि अब्रू गेली म्हणजे नाक गेले असे आपण आजही म्हणतो. व्यभिचाराचा आळ, चोरी, फितुरी, युद्धातला सूड, या सगळ्यांचा हिशेब नाकावर चुकविला जाई, कारण मारून टाकलेला शत्रू विसरला जातो आणि नाक कापलेला शत्रू आपली नामुष्की गावोगाव स्वतःच्या चेहऱ्यावर वागवीत फिरतो. जेथे नाके इतकी कापली जात, तेथे ती जोडणाऱ्यांचा धंदाही चालणारच.

त्या धंद्याचा पहिला परदेशी साक्षीदार मोगलांच्या दक्खन-मोहिमेच्या काळात सापडतो. औरंगजेब बादशहा १६८२ मध्ये औरंगाबादेस, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरास, येऊन पोहोचला, शहराभोवतीचा तट त्याने याच सुमारास बांधविला, आणि येथून त्याने दक्खन जिंकण्याचा तो पंचवीस वर्षांचा खटाटोप आरंभिला, ज्याचा शेवट १७०७ मध्ये खुलदाबादच्या एका साध्या कबरीत झाला. निकोलाव मनुची हा व्हेनिसचा गृहस्थ त्या काळात शाहआलम शहाजाद्याच्या पदरी वैद्य म्हणून होता. आपल्या ‘स्तोरिया दो मोगोर’ या ग्रंथात त्याने १६८६ च्या विजापूरच्या वेढ्याची एक हकीकत दिली आहे. मोगल छावणीतली गोरगरीब माणसे गवत कापावयास, काडीकचरा गोळा करावयास बाहेर पडत. विजापूरकरांच्या हाती ती लागली की ते त्यांना ठार न मारता त्यांची नाके कापीत आणि तशीच रक्तबंबाळ छावणीकडे पिटाळीत. मग या मुलखातले शस्त्रवैद्य भुवयांच्या वरची कपाळाची कातडी कापून ती खाली नाकाच्या जखमेवर आणीत, आणि जिवंत मांसाला जिवंत मांस भिडावे म्हणून तिला पीळ देऊन मलमपट्टीने तेथे रुजवीत. नाक अगदी पहिल्यासारखे होत नसे, दोन्ही भुवयांमध्ये पिळाची खूण राही, पण असली नाके असलेली माणसे आपण पुष्कळ पाहिली आणि मुळीच नाक नसण्यापेक्षा ती कितीतरी बरी दिसत, असे मनुची नमूद करतो. सुश्रुताच्या गालाची जागा येथे कपाळाने घेतली आहे, हे चाणाक्ष वाचकाच्या ध्यानात आले असेल. गालाची कातडी नाकासाठी पुरेशी नसते आणि तिचा वण चेहऱ्यावर राहतो. कपाळाची कातडी रंगाने, जाडीने आणि पोताने नाकाला अधिक जवळची. हा पालट कोणी केला याचा लेख नाही, पण तो करणारा कोणीतरी फार बारीक नजरेचा माणूस होता.

मनुचीच्या या साक्षीनंतर शंभर वर्षांनी, आणि याच दक्खनमध्ये, तो प्रसंग घडला ज्याने सगळ्या युरोपचे लक्ष वेधले. टिपू सुलतानाविरुद्धच्या तिसऱ्या म्हैसूर युद्धात मराठे आणि इंग्रज एका पक्षाला होते. इंग्रजांच्या फौजेत बैल हाकण्याच्या कामावर असलेला एक कुणबी मराठा १७९२ च्या मोहिमेत टिपूच्या लोकांच्या कैदेत पडला. इंग्रजी कागदांत त्याचे नाव कावसजी असे लिहिले आहे. टिपूने त्याचे नाक कापले आणि एक हात तोडला. तशा अवस्थेत तो श्रीरंगपट्टणाजवळ मुंबईच्या पलटणीत येऊन मिळाला, आणि कंपनी सरकारने त्याला तनखा बांधून दिला. सुमारे बारा महिने तो नाकावाचून राहिला. आणि त्यानंतर पुण्याजवळच्या एका माणसाने, जो विटा भाजणाऱ्या जातीचा, म्हणजे आपल्या भाषेत कुंभार होता, त्याला नवे नाक बसवून दिले.

या शस्त्रक्रियेचे वर्णन लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’च्या ऑक्टोबर १७९४ च्या अंकात एका पत्राच्या रूपाने छापले गेले. पत्राखाली केवळ दोन आद्याक्षरे होती. मुंबई इलाख्यातील टॉमस क्रूसो आणि जेम्स ट्रिंडले या दोन डॉक्टरांनी ही क्रिया होताना स्वतः पाहिली होती, आणि पत्रातला तपशील त्यांच्या पाहण्यातला आहे. तो तपशील कारागिराच्या हातांचा वेध घेत वाचला पाहिजे. प्रथम त्याने मेणाचा एक पातळ पत्रा तयार करून तो नाकाच्या खुंटावर बसविला आणि बोटांनी दाबून त्याला चांगल्या नाकाचा आकार दिला. मग तो पत्रा काढून सपाट केला आणि कपाळावर ठेवला. नाकाचे उभारलेले रूप सपाट केले असता त्याला किती कातडी लागेल, याचे गणित मांडण्याचा याहून सोपा आणि याहून अचूक उपाय मला तरी सुचत नाही. आणि तो ज्याला सुचला त्याचे हात मातीला आकार देण्यात मुरलेले होते, यात नवल नाही. पत्र्याभोवती त्याने रेघ ओढली, पत्रा बाजूला केला आणि रेघेच्या आतली कातडी सोलली. मात्र दोन्ही डोळ्यांमध्ये कातडीची एक अरुंद पट्टी अखंड ठेवली. नाकाच्या खुंटावरचा जुना वण त्याने छाटून ताजा केला, नाकपुड्यांच्या दोन्ही बाजूंनी आणि वरच्या ओठाच्या कडेने एक चीर पाडली, कपाळाची कातडी अर्धा पीळ देऊन खाली आणली आणि तिची कड त्या चिरेत खोवली.

टाका त्याने एकही घातला नाही. विड्यात आपण जो कात खातो तो कात पाण्यात कालवून त्याने कापडाच्या पट्ट्यांवर पसरला आणि अशा पाच-सहा पट्ट्या एकावर एक ठेवून सांधा झाकला. कात तुरट, तुरट द्रव्य ऊतींना आवळते, स्राव थांबवते, आणि वाळल्यावर त्या पट्ट्या साच्यासारख्या घट्ट बसत असल्या पाहिजेत. चार दिवस ती पट्टी तशीच राहू दिली. मग ती काढून तुपात भिजविलेले कापड लावले. पहिले पाच-सहा दिवस रोग्याने उताणे निजावयाचे. दहाव्या दिवशी नाकपुड्या मिटू नयेत म्हणून त्यांत मऊ कापडाचे बोळे घातले. आणि सुमारे पंचविसाव्या दिवशी, नवे नाक खालच्या मांसाशी एकजीव झाले अशी खात्री पटल्यावर, डोळ्यांमधली ती पट्टी तोडली. भूल देण्याचे औषध जगाला मिळावयास अजून अर्धे शतक होते, हे ध्यानात धरावे. ज्याने आधीच नाक आणि हात गमावला होता, त्या कुणब्याने हे सगळे शुद्धीत सोसले. कुंभाराच्या हाताइतकीच त्या सोसण्याचीही नोंद इतिहासाने घ्यावी, असे मला आवर्जून वाटते.

या क्रियेचे सगळे मर्म त्या अरुंद पट्टीत आहे. भुवईच्या आतल्या टोकापाशी एक बारीक धमनी वर कपाळात चढते; पट्टी अखंड ठेवल्याने त्या धमनीचे रक्त सोललेल्या कातडीला मिळत राहते, आणि खालच्या मांसातून नव्या केशवाहिन्या तिच्यात शिरेपर्यंत ती जगते. आंब्याचे भेटकलम बांधणारा बागवान जसा फांदी मूळ झाडापासून तोडण्याची घाई करीत नाही, दोन्ही साली एकमेकींत मिसळल्याची खूण पटल्यावरच कोयती लावतो, तोच हा न्याय. आजही कर्करोगाने किंवा अपघाताने नाक गेलेल्या रुग्णाला कपाळाच्या कातडीचे नाक बसविताना तो देठ साधारण तीन आठवड्यांनी तोडतात. पुण्याच्या कुंभाराच्या पंचवीस दिवसांत आणि आजच्या तीन आठवड्यांत अंतर फारसे नाही.

कावसजीचे चित्र जानेवारी १७९४ मध्ये, शस्त्रक्रियेनंतर दहा महिन्यांनी, काढले गेले. ते काढणारा जेम्स वेल्स हा स्कॉटलंडचा चित्रकार, आणि येथून आपली कथा पुन्हा आपल्या शहराकडे वळते. पेशव्यांच्या दरबारी असलेला कंपनीचा रेसिडेंट चार्ल्स मॅलेट हा जिज्ञासू गृहस्थ होता. त्याच्या आश्रयाने वेल्स पुण्यात राहिला, सवाई माधवराव आणि नाना फडणवीस यांची चित्रे त्याने रंगविली, आणि गंगाराम तांबट हा पुण्याचा अत्यंत कुशल कारागीर-चित्रकार त्याचा साहाय्यक झाला. या गंगारामाने मॅलेटसाठी वेरूळच्या लेण्यांची रेखाटने केली, मॅलेटने वेरूळवर लिहिलेला विस्तृत लेख ‘एशियाटिक रिसर्चेस’च्या सहाव्या खंडात प्रसिद्ध झाला, आणि वेल्स स्वतः १७९५ मध्ये वेरूळला येऊन कैलासासमोर आपली कागदपेन्सिल घेऊन बसला. त्याच वर्षाच्या अखेरीस, साष्टीतल्या लेण्यांची चित्रे काढता काढता आजारी पडून, तो वारला. वेरूळची त्याची रेखाटने टॉमस डॅनियल याने १८०३ मध्ये लंडनला प्रसिद्ध केली, आणि त्या संग्रहाच्या नावातच औरंगाबादजवळचे वेरूळ असा निर्देश आहे.

दक्खनच्या पाषाणशिल्पाची ओळख ज्या डोळ्यांनी युरोपला करून दिली, त्याच डोळ्यांनी दक्खनच्या मांसशिल्पाचीही ओळख करून दिली, ही गोष्ट मला केवळ योगायोगाची वाटत नाही. वेरूळच्या कारागिराने डोंगर वरून खाली खोदीत नेला. त्याला बाहेरून दगड आणून जोडण्याची मुभा नव्हती. शिखरापासून पायथ्यापर्यंत जे घडवावयाचे ते त्याच कातळातून. पुण्याच्या कुंभारानेही कावसजीचे नाक कावसजीतूनच काढले. त्या दोघांमध्ये हजार वर्षांचे अंतर आहे, पण ज्याचे त्याच्यातूनच घडविण्याची निष्ठा एक आहे, आणि दोघांचीही नावे कोणी लिहून ठेवली नाहीत, हेही एक आहे.

कावसजीचे ते चित्र तांब्यावर कोरून लंडनमध्ये छापले गेले. त्यात कपाळावरचा वण दिसतो, नवे नाक दिसते, आणि शेजारी मेणाच्या पत्र्याची आकृतीही काढलेली आहे, जेणेकरून वाचणाऱ्या वैद्याला माप समजावे. युरोपला ही विद्या सर्वथा अपरिचित होती असे नाही. पंधराव्या शतकात सिसिलीतील ब्रांका घराण्याने आणि पुढे बोलोन्याच्या तालियाकोझी याने दंडाच्या कातडीपासून नाक करण्याची रीत चालविली होती. तालियाकोझीचा ग्रंथ १५९७ चा. पण त्या रीतीत रुग्णाचा हात कित्येक दिवस चेहऱ्याला बांधून ठेवावा लागे, आणि तालियाकोझीच्या मागे ती लोपली. दोनशे वर्षे युरोपात नाक गेलेल्या माणसाला धातूचे वा लाकडाचे खोटे नाक लावण्यापलीकडे उपाय नव्हता. अशा वेळी ‘जंटलमन्स मॅगझिन’मधले ते पत्र जोसेफ कार्प्यू या लंडनच्या शल्यवैद्याच्या वाचनात आले. तो वीस वर्षे त्याचे चिंतन करीत राहिला, प्रेतांवर त्याने हात बसविला, आणि २३ ऑक्टोबर १८१४ रोजी एका लष्करी अधिकाऱ्यावर पंधरा मिनिटांत ही शस्त्रक्रिया केली. दुसरा रुग्णही अधिकारीच होता, लढाईत तलवारीच्या वाराने नाक गमावलेला. १८१६ मध्ये कार्प्यूने दोन्ही प्रकरणे ग्रंथरूपाने प्रसिद्ध केली आणि हिंदुस्थानी रीतीचे ऋण मोकळेपणाने मान्य केले. १८१८ मध्ये बर्लिनच्या ग्रेफेने या विषयावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. तेव्हापासून कपाळाच्या कातडीने नाक करण्याच्या पद्धतीला सगळे जग भारतीय पद्धती म्हणते.

कुंभाराच्या नाकात एक उणीव होती, आणि तीही सांगितली पाहिजे. त्याने वरची कातडी दिली. आतले अस्तर आणि मधला आधार दिला नाही. आधाराविना कातडी कालांतराने आकसते आणि नाक बसते. हा आधार कशाचा द्यावा, या शोधात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पाश्चात्य वैद्य विलक्षण वाटांनी भटकले. न्यूयॉर्कच्या रॉबर्ट वीरने बदकाच्या छातीचे हाड बसवून पाहिले, ते टिकले नाही. व्हिएन्नाच्या गेर्सुनीने पॅराफिन टोचून नाक उचलण्याची युक्ती काढली. काही वर्षे तिचा बोलबाला झाला, आणि मग ते पॅराफिन गालांत, पापण्यांत उतरून गाठी धरू लागले, तेव्हा किती चेहऱ्यांचा विध्वंस झाला हे लोकांना कळले. त्याच सुमारास जर्मनीत फॉन मांगोल्ट याने रुग्णाच्या फासळीची कूर्चा नाकात बसविली, आणि ती टिकली. पहिल्या महायुद्धात हॅरॉल्ड गिलीज याने चेहरे उडालेल्या शेकडो सैनिकांसाठी कातडी, अस्तर आणि कूर्चा या तिन्हींचा मेळ घातला. गिब्सन आणि डेव्हिस यांनी १९५८ मध्ये दाखवून दिले की फासळीची कूर्चा तासताना तिच्या दोन्ही बाजूंचा तोल राखला नाही तर ती नाकात वाकते. अशा रीतीने आधार आणि अस्तर हेही अखेर रुग्णाच्याच देहातून घ्यावयाचे ठरले, आणि कुंभाराच्या कामात जे राहिले होते ते त्याच्याच तत्त्वाने पुरे झाले.

गिलीजच्या हाताखाली शिकलेले डॉ. नोशीर अंटिया ही विद्या घेऊन महाराष्ट्रात परतले आणि पुण्याजवळ कोंढव्याच्या कुष्ठरुग्णालयात बसले. कुष्ठरोग नाकाची आतली कूर्चा खातो. वरची कातडी तशीच राहते आणि नाक खाली कोसळते, आणि रोग बरा झाल्यावरही ते बसलेले नाक माणसाला गावात शिरू देत नाही. अंटियांनी अशा रुग्णांची नाके आतून नवे अस्तर आणि आधार देऊन उभी केली. ज्या पुण्याच्या वेशीवर कुंभाराने कावसजीला समाजात परत पाठविले, त्याच पुण्याच्या वेशीवर हे घडले. पुढे अंटियांनी मुंबईत जे. जे. रुग्णालयात सुघटन शल्याचा, म्हणजे प्लास्टिक सर्जरीचा, विभाग नावारूपास आणला, आणि त्यानंतर अलिबागजवळच्या मांडव्याच्या परिसरात खेड्यातल्या अल्पशिक्षित स्त्रियांना आरोग्यसेविका म्हणून शिकवून, वैद्यकाचे पुष्कळसे ज्ञान पदवीधरांच्या मक्तेदारीबाहेरही सुखाने नांदते, हे सप्रमाण दाखविले. विटा भाजणाऱ्या शल्यवैद्याचा खरा वारस मला अंटियांच्यात दिसतो. नागपूरच्या वैद्यकीय महाविद्यालयात डॉ. बालकृष्णन यांनी १९५८ मध्ये या शास्त्राचा स्वतंत्र विभाग सुरू केला, आणि तेथून महाराष्ट्रात या विद्येचे रीतसर शिक्षण मिळू लागले.

या शहरात शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९५६ मध्ये निघाले, आणि त्याच्या रुग्णालयाला लोक घाटी म्हणतात. मराठवाड्याच्या खेड्यापाड्यांतून आलेला मोडक्या नाकाचा माणूस आधी घाटीतच जातो. परंतु चेहऱ्याच्या व्यंगाची लाज वाटून जो घराबाहेरच पडत नाही, त्याला बाहेर काढण्याचे काम येथे एका परगावच्या माणसाने केले. डॉ. शरदकुमार दीक्षित हे मूळचे पंढरपूरचे, अमेरिकेत सुघटन शल्यात नाव मिळविलेले. मोटार अपघातात अर्धे अंग लुळे पडले, स्वरयंत्राच्या कर्करोगाने आवाज गेला, तरी ते दरवर्षी भारतात येऊन गावोगाव मोफत शिबिरे घेत राहिले, आणि या शहरातले त्यांचे शिबिर वर्षानुवर्षे भरत आले. दुभंगलेले ओठ, लोंबत्या पापण्या, नाकाची बाह्य व्यंगे आणि चेहऱ्यावरचे व्रण घेऊन आलेल्या मुलींच्या आणि त्यांच्या आईबापांच्या रांगा त्या शिबिरांत लागत. लग्नाच्या बाजारात नकटेपणाची काय किंमत मोजावी लागते, हे आपल्या म्हणीच सांगतात. तेव्हा अशा मुलीच्या नाकाची शस्त्रक्रिया ही चैन आहे असे म्हणणाऱ्याने एकदा त्या रांगेकडे पाहावयास हवे होते. दीक्षितांना २००१ मध्ये पद्मश्री मिळाली आणि २०११ मध्ये ते निवर्तले.

एवढ्या लांबच्या प्रवासात ज्यांनी ज्यांनी हात लावला, त्यांतल्या बहुतेकांची नावे आपल्याजवळ आहेत: पाहणारे डॉक्टर, चित्र काढणारा, छापणारे मासिक, नक्कल करणारा लंडनचा वैद्य. ज्याने मेणाचा पत्रा नाकावर दाबला त्याचे नाव मात्र त्या पत्रलेखकाने विचारून घेतले नाही. पुण्याचे पेशवे दफ्तर हे मोडी कागदांचे अफाट भांडार आहे, आणि पुण्याच्या, नगरच्या, आमच्या मराठवाड्याच्या कितीतरी घरांत अजून मोडीचे रुमाल न सोडता तसेच पडून आहेत. कुंभारवाड्यांतल्या वृद्धांच्या तोंडीही पिढीजात आठवणी असतात. नाक सांधणाऱ्या कोणा कारागिराला दिलेले इनाम, बिदागीची एखादी नोंद, एखाद्या घराण्यात चालत आलेली हकीकत, यांपैकी काहीही ज्यांच्या पाहण्यात वा ऐकण्यात असेल, त्यांनी ते जवळच्या इतिहास संशोधन मंडळाच्या नजरेस आणावे, आणि मोडी वाचता येणाऱ्या तरुणांनी रुमाल सोडताना या एका कुंभाराचा शोध मनात ठेवावा, एवढी माझी विनंती आहे.